कोंडीतल्या माशांना रोग आणतं कोण?

या सदराला येणारी पत्रं बहुतेक शेततळ्यांची असतात. रोहूला खाद्य किती घालावं, कटल्याचं बीज कुठून आणावं, असे प्रश्न. या खेपेला मात्र निम्म्याहून अधिक पत्रं नदीतल्या, वहाळातल्या, पऱ्ह्यातल्या माशांबद्दल आली. मला फार बरं वाटलं. तळ्यातला मासा मेला तर मालक रात्री फोन करतो. नदीतला मेला तर वास सुटेपर्यंत कोणी विचारत नाही. म्हणून तळ्यांची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज फक्त बिनमालकाच्या माशांबद्दल लिहिते.

प्रश्न : ताई, आमच्या वाडीखाली नदीत मोठी कोंड, म्हणजे खोल डोह, आहे. वैशाखात वरची-खालची धार तुटते आणि सगळे मासे कोंडीत गोळा होतात. यंदा आधी दोन-चार मळ्ये मासे काठाला लागले. पाठीवर पांढुरका पट्टा, तोंडाशी कापूस चिकटल्यासारखं काहीतरी. पुढच्या आठवड्यात रोज मेलेले मासे दिसू लागले. वरच्या वाडीने औषध टाकलं असं लोक म्हणतात, त्यावरून वादही झाला. बाहेरून कोणी मासे सोडलेले नाहीत, पूरही नाही. मग रोग आला कुठून?
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : आधी वाद मिटवा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून औषध टाकल्याचं मला वाटत नाही. औषधाने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने किंवा शेतीच्या कीटकनाशकाने, मासे मरतात ते काही तासांत. त्यात लहान-मोठा, ही जात-ती जात असा भेद फारसा राहत नाही, आणि बहुतेक वेळा खेकडे, कोळंब्या, पाण्यातले किडेही सुटत नाहीत. प्राणवायू कमी पडून मेले तर ते पहाटे मरतात. आदल्या रात्री मासे तोंड वर काढून हापके मारताना दिसतात, मोठे मासे आधी जातात आणि ऊन चढलं की मरणं थांबतं. तुमच्याकडे एका जातीपासून सुरुवात झाली, अंगावर खुणा आहेत, आणि रोजचा आकडा वाढत गेला. ही चाल रोगाची आहे.

पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा फिकट पट्टा, तोंडाशी पिवळट-पांढरा थर, कल्ले उघडून पाहिले तर लाल दातऱ्यांमध्ये पिवळट-तपकिरी कुजलेले डाग. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की पहिला संशय जातो तो फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूवर. लोक त्या थराला बुरशी समजतात, कारण तो कापसासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र खात्री पटते. कल्ल्याचा अगदी बारीक तुकडा कात्रीने कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि थोडं थांबायचं. आधी लांब, बारीक काड्यांसारखे जिवाणू इकडेतिकडे सरपटताना दिसतात. मग ते तुकड्याच्या कडेला गोळा होऊ लागतात, एकमेकांवर चढतात, आणि पाहता पाहता तिथे भाताच्या पेंढ्याच्या उडव्यांसारखे ढीग उभे राहतात. प्रयोगशाळेत काम करत असताना विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून दाखवायचे. एकदा पाहिलेला माणूस हा जिवाणू विसरत नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीतल्या माशांवर हा रोग पाहून एच. एस. डेव्हिस यांनी १९२२ साली त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि जिवाणूला नाव मिळालं ते या खांबांसारख्या ढिगांवरूनच. म्हणजे हा काही तळ्यांनी जन्माला घातलेला रोग नाही. नदीतल्या माशांची आणि त्याची ओळख जुनी आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. रोग आला कुठून? बहुधा तो आलाच नाही, तो तिथे होता. गोड्या पाण्यातल्या माशांना गाठणारे नेहमीचे जिवाणू, हा फ्लेव्होबॅक्टेरियम किंवा त्याचा जोडीदार एरोमोनास हायड्रोफिला, पाण्यात, गाळात, निरोगी दिसणाऱ्या माशाच्या आतड्यात आणि कातडीवर राहतात. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत असेल, पाण्यात प्राणवायू असेल, पोटात अन्न असेल तर ते त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. मागच्या वर्षी आजारी पडून वाचलेला मासाही बरा दिसतो, पण त्याच्या अंगात थोडे जिवाणू टिकून राहतात आणि तो ते पाण्यात सोडत असतो. अशा माशाला वाहक म्हणतात. तुमच्या कोंडीत असे चार-दोन वाहक असले तरी पुरे.

मग वैशाखातच का? तुम्हीच लिहिलंय, धार तुटते. पावसाळ्यात मैलभर नदीत विखुरलेले मासे एका कोंडीत अंगाला अंग लागून राहतात. पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. माशांची विष्ठा, कुजणारा पाला, काठावर धुतलेले कपडे, गुरं बसतात त्याची घाण, सगळं त्याच पाण्यात. फ्लेव्होबॅक्टेरियमला गरम पाणी मानवतं. पाणी पंचवीस अंशांच्या वर गेलं की तो जोमाने वाढतो, आणि त्याचा जहाल प्रकार असेल तर लागण झालेला मासा एक-दोन दिवसांतही मरतो. त्यात कोणीतरी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतं. जाळ्यातून निसटलेल्या माशाचे चार खवले जातात, अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, आणि जिवाणूला दार मिळतं. माशाच्या अंगावर चिकटून रक्त पिणारी ऊ असते, चपटी, नखाएवढीही नाही. तीही तशीच जखम करते. उवा एका माशावरून दुसऱ्यावर जातात, आणि त्यांच्यामागे जिवाणूही.

माशा-माशांत रोग पसरण्याचे रस्ते असे की आजारी माशापासून पाण्यात सुटलेला जिवाणू दुसऱ्याच्या कल्ल्यांवरून जातो, अंग घासतं, मेलेल्याला टोचून खाल्लं जातं. काही रोग अंड्यातूनही पिल्लांत उतरतात. सामन माशांच्या मूत्रपिंडाचा एक रोग अंड्याच्या आतच बसून पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे अंडी वरून कितीही धुतली तरी उपयोग होत नाही. तुमच्या मळ्यांच्या बाबतीत मात्र मला काळजी आहे ती मेलेल्या माशांची. फिनलंडमधल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय की हा जिवाणू मेलेल्या माशातही वाढतो, आणि मेलेला मासा जिवंत आजारी माशापेक्षा जास्त जिवाणू पाण्यात सोडतो. म्हणजे मासा मेला म्हणून त्याच्यातला रोग मेला नाही, उलट तो आता सगळ्या कोंडीत पसरतोय.

तेव्हा एवढंच करा, पण नेटाने करा. सकाळ-संध्याकाळ मेलेले आणि आडवे पडलेले मासे झेल्याने किंवा टोपलीने काढा. ते काठावर टाकू नका, दुसऱ्या कोंडीत तर मुळीच नको. पुराचं पाणी पोचणार नाही अशा जागी खड्डा करून चुना घालून पुरा. पाऊस लागेपर्यंत त्या कोंडीत पाग, गरी, काही नको. गुरांना पाणी पाजायला दुसरी जागा असेल तर तिकडे न्या. औषध, चुना, पोटॅश, मीठ यांतलं काही कोंडीत ओतू नका. तळ्यात मोजून-मापून करतो ते उपचार नदीत होत नाहीत. कोंडीत ओतलेला चुना मासे वाचवण्याआधी बाकीचं मारतो. प्रतिजैविकाचं तर नावही काढू नका. ते खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात जाईल आणि जिवाणूंना त्या औषधाची सवय लागेल, जी पुढे माणसांनाही भोवते.

सगळे मासे जाणार नाहीत. जे तगतील त्यांच्यात काही काळ प्रतिकारशक्ती राहते. पहिला मोठा पाऊस झाला, धार पुन्हा जुळली की गर्दी मोडते, आणि गर्दी मोडली की साथ सहसा ओसरते.

प्रश्न : एका नदीतला रोग दुसऱ्या नदीत जातो का? आम्ही मुचकुंदीतही पाग टाकतो आणि काजळीतही.
– एक वाचक, ता. लांजा

उत्तर : हा प्रश्न विचारलात म्हणून तुमचे मनापासून आभार, कारण मला जे सांगायचं आहे ते सगळं याच उत्तरात आहे.

आपल्या नद्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड, कर्ली, तेरेखोल. प्रत्येक जण सह्याद्रीतून किंवा सड्यावरून उतरते आणि आपापल्या खाडीने थेट समुद्राला मिळते. घाटावर तसं नाही. तिथे कोयना, पंचगंगा, भीमा शेवटी एका कृष्णेत जातात, तिथला मासा मनात आणलं तर एका नदीतून दुसरीत पोहत जाऊ शकतो. आपल्या काजळीतला मळ्या मुचकुंदीत जायचा तर त्याला खारं पाणी ओलांडावं लागेल, आणि ते त्याला जमणारं नाही. फ्लेव्होबॅक्टेरियमलाही खारट पाणी सोसत नाही. खाडी ही आपल्या प्रत्येक नदीची कुलूप लावलेली वेस आहे. एवढी चांगली नैसर्गिक आडकाठी फार थोड्या मुलखांना मिळते.

ती आडकाठी मोडतो कोण? बगळा, पाणकावळा थोडी मोडतो. अर्धवट खाल्लेला मासा एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर नेतो. बाकी सगळं आपण. ओला पाग गोणीत भरून दुचाकीला बांधायचा आणि तासाभरात दुसऱ्या नदीत टाकायचा, त्यात पाणी असतं, चिखल असतो, खवले असतात. गरीला लावायला एका वहाळातले जिवंत मासे डब्यात घालून दुसऱ्या वहाळावर न्यायचे आणि उरलेले तिथेच ओतायचे, ही तर त्याहून वाईट सवय. बीजाचा ट्रक तळ्यावर रिकामा झाल्यावर त्यातलं पाणी जवळच्या पऱ्ह्यात सोडतात, तेही तसंच. मोठ्या कामांतूनही हे होतं. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत येतं, म्हणून वाशिष्ठी वैशाखातही वाहती राहते. पण ते मुळात कृष्णा खोऱ्यातलं पाणी आहे, आणि पाण्यातलं सूक्ष्म जीवन पाण्याबरोबरच येतं. त्यावर तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. पागाचं मात्र नक्की करू शकतो.

पाग घरी आणला की झटकून कचरा, खवले काढा, नळाच्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. शिशाच्या गोळ्यांजवळची घडी शेवटपर्यंत ओली राहते, तिथे हात लावून पाहा. हे बहुतेक जिवाणू कोरडेपणाने मरतात. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा मिठाच्या कडक पाण्यात बुडवून ठेवा आणि पडवीत पसरा. सगळ्यांत उत्तम म्हणजे मुचकुंदीचा पाग वेगळा, काजळीचा वेगळा.

प्रश्न : आमच्याकडे थंडीत मरळीच्या अंगावर लाल फोड येतात, नंतर तिथे खड्डा पडून आतलं मांस दिसतं. जुनी माणसं माशाला देवी आल्या म्हणतात. हा पण जिवाणूच का? हळद आणि चुना टाकून जातो असं ऐकलं.
– एक वाचक, ता. कुडाळ

उत्तर : याची सुरुवात जिवाणू करत नाही. मरळीला खोल जखमा, आणि तेही पावसाळा संपून पाणी थंडावल्यावर, म्हटलं की पहिलं नाव येतं ते व्रणरोगाचं. तो ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसारख्या जीवाने होतो. त्याचे पोहणारे बीजकण खरचटलेल्या कातडीतून आत शिरतात आणि तंतू थेट स्नायूंत घुसतात. एरोमोनाससारखे जिवाणू त्यानंतर जखमेत येतात, मासा आतून सडवतात आणि बहुधा मारतातही तेच. म्हणूनच प्रयोगशाळेत जखमेतून नुसता जिवाणू सापडला म्हणजे निदान झालं असं होत नाही.

या रोगाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९७१ साली जपानमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, मग आग्नेय आशियातून सरकत १९८८ साली बांगलादेशात आणि आपल्या ईशान्य भारतात. तिथून काही वर्षांत देशभर. २००६-०७ मध्ये तो आफ्रिकेत झांबेझीच्या खोऱ्यात दिसला. एवढी अंतरं मासा पोहून जात नाही. मरळीला तो फार लवकर धरतो, चिलापीला सहसा काही होत नाही. खाऱ्या पाण्यात त्याचे बीजकण टिकत नाहीत. भरतीचं पाणी पोचतं तिथल्या आणि वरच्या वहाळातल्या मरळी तुम्ही ताडून पाहा, फरक दिसेल.

हळद-चुना हा तळ्यातला उपाय. तळ्यात चुन्याने पाण्याची आम्लता उतरते आणि त्याचा फायदा होतो, म्हणून तो लोकांच्या तोंडी बसला. वाहत्या वहाळात हळद वाया जाते आणि चुना नुकसान करतो. ते नको.

तुम्हाला करता येईल असं एक मोलाचं काम आहे. जखम असलेला पण जिवंत मासा पाण्यासकट, नाही तर नुकताच मेलेला मासा प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फात ठेवून रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात त्याच दिवशी पोचवा. आधी फोन करा. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठवलेल्या माशाच्या मांसाचा नीट काप घेता येत नाही. वास सुटलेला मासा तर नेऊच नका. त्यात मेल्यानंतर वाढलेले जिवाणूच सापडतात. बरोबर कागदावर लिहा: कुठला वहाळ, कधीपासून, कोणत्या जाती, पाऊस कधी पडला होता. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला हा रोग आहे आणि जलचरांच्या रोगांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात २०१३ पासून चालू आहे. पण त्या नजरेला तळी दिसतात. वहाळातली मरळ दिसते ती फक्त तुम्हाला.

प्रश्न : आमच्या देवाच्या कोंडीत मासे आहेत, ते कोणी धरत नाही. नवस फेडताना काही जण बाजारातून रंगीत मासे किंवा तळ्यावरचं रोहूचं बीज आणून सोडतात. पुण्याचं काम आहे, पण तुमचं मत काय?
– एक वाचिका, ता. महाड

उत्तर : तुमच्या तालुक्यातली वाळण कोंड आणि वाडा गावाजवळचं वैतरणा नदीवरचं तिळसे, या दोन्ही ठिकाणी आज मोठाले महसीर दिसतात ते श्रद्धेमुळेच. देवाचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी त्यांना हात लावला नाही. सरकारी फलकाने एवढं राखलं नसतं. म्हणून या श्रद्धेचा मला फार आदर आहे आणि तिच्याच नावाने विनंती करते की बाहेरचा मासा कोंडीत सोडू नये.

बाजारातला मासा निरोगी दिसतो, पण तो टाकीत, पिशवीत, दाटीत वाढलेला असतो आणि बहुतेक वेळा कसला ना कसला वाहक असतो. त्याला त्या जिवाणूची सवय झालेली असते. कोंडीतल्या महसीराला नसते. नॉर्वेचं उदाहरण सांगते. १९८५ साली स्कॉटलंडहून आणलेल्या सामनच्या पिल्लांबरोबर तिथे फोडांचा एक जिवाणूजन्य रोग आला, एरोमोनास साल्मोनिसिडामुळे होणारा. तो आधी समुद्रात पिंजऱ्यांत पाळलेल्या माशांत पसरला, मग पिंजऱ्यांतून निसटलेल्या माशांबरोबर नद्यांत शिरला. १९९२ संपेपर्यंत ७०हून अधिक नद्यांतल्या माशांत तो सापडला होता. ज्यांनी पिल्लं आणली त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

नवस फेडायचा तर कोंडीच्या काठाची साफसफाई, काठावर करंज-उंबराची लागवड, उन्हाळ्यात राखण, यांतलं काहीही देवाला आवडेल असं मला वाटतं. पुजाऱ्यांशी आणि गावकीशी बोला. बाईचं कोण ऐकणार असं मनात आणू नका. आणि फुटाणे-चुरमुरे टाकणंही बेताने. न खाल्लेलं अन्न तळाशी कुजतं, आणि उन्हाळ्यात त्याचं काय होतं ते वर संगमेश्वरच्या उत्तरात लिहिलंच आहे.

प्रश्न : मी मासे साफ करून देते. गेल्या पावसात चिलापीचा काटा बोटात गेला. तिथे गाठ आली, ती जाईना, आता मनगटाकडे आणखी दोन गाठी आल्यात. दुखत नाही फारसं. माशाचा रोग माणसाला होतो का? आणि फोड आलेला मासा खाल्ला तर?
– एक वाचिका, ता. दापोली

उत्तर : बाई, आज-उद्या डॉक्टरकडे जा, आणि गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: "मी मासे साफ करते आणि काटा लागला होता." हे सांगितलं नाही तर नेहमीचं मलम देऊन परत पाठवण्याची शक्यता फार. बोटावरून हाताकडे रांगेने चढणाऱ्या, कमी दुखणाऱ्या गाठी मायकोबॅक्टेरियम मरीनम या जिवाणूच्या असू शकतात. हा क्षयाच्या जिवाणूचा नातेवाईक आहे. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. त्याला तीस अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीरात खोल न जाता हातापायांच्या कातडीतच राहतो. औषधाने बरा होतो, पण गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात आणि मध्येच सोडून चालत नाही. बाकी निदान डॉक्टरच करतील, दुरून मी करणार नाही.

चिलापीवरून आठवलं. १९९५-९६ च्या हिवाळ्यात कॅनडात टोरांटोला काही लोकांच्या हाताला अशीच सूज येऊन ताप आला होता. सगळ्यांनी घरी ताजा मासा साफ केला होता, बहुतेकांनी चिलापी, आणि कारण निघालं स्ट्रेप्टोकोकस इनिए, माशांचाच एक जिवाणू. तेव्हा हे होतं; क्वचित होतं. ज्यांना मधुमेह आहे किंवा लिव्हरचा आजार आहे त्यांनी जास्त जपावं. खाडीच्या कोमट पाण्यात काम करताना कापलं आणि काही तासांत हात लाल-जांभळा होऊन फोड आले तर सकाळची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. तो वेगळा आणि जिवावर बेतणारा जिवाणू असू शकतो.

साफ करताना जाड रबरी हातमोजे घाला. काटा लागला तर लगेच साबणाने वाहत्या पाण्यात धुवा. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, धास्ती आपल्याकडे दर पावसात असते. ती उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होते, मासा खाऊन नाही. पण चिखलात, साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरायचं नाही हे लेप्टोला आणि माशांच्या जिवाणूंना, दोन्हींना लागू.

खाण्याचं म्हणाल तर हे जिवाणू नीट शिजवल्यावर मरतात. तरीही फोड आलेला, मरून तरंगणारा मासा खाऊ नका आणि विकू तर मुळीच नका. तो शिजेपर्यंत तुमच्या विळीवर, पाटीत आणि हातावर असतो.

प्रश्न : माशाला ताप येतो का?
– इयत्ता सातवी, ता. गुहागर

उत्तर : बाळा, येतो, पण तो त्याला स्वतः शोधून आणावा लागतो! आपलं शरीर आतून गरम होतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. मग त्याला ताप हवा असेल तर त्याने काय करावं? गरम पाण्यात जावं. १९७६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हेच करून पाहिलं. त्यांनी गोड्या पाण्यातल्या माशांना एरोमोनास हायड्रोफिला टोचला आणि एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम पाणी असलेल्या टाकीत सोडलं. ते मासे नेहमीपेक्षा साधारण अडीच अंश जास्त गरम पाणी निवडून तिथे राहू लागले. ताप आला की शरीर जिवाणूशी जास्त जोराने लढतं, ते माशालाही ठाऊक आहे म्हणायचं.

म्हणून वहाळाच्या उथळ, उन्हात तापलेल्या काठाला एखादा मासा एकटा, सुस्त उभा दिसला तर त्याला काठीने खोल पाण्यात ढकलू नकोस, आणि सोपा सापडतोय म्हणून धरूही नकोस. काठाला येण्याची इतर कारणंही असतात, खोल पाण्यात प्राणवायू कमी पडला तरी मासे काठाला येतात. फरक कसा ओळखायचा ते तूच पाहा. शाळेतल्या बाईंना विचारून प्रयोगशाळेतला थर्मामीटर घे, मोठं माणूस बरोबर घे, आणि दुपारी वहाळाच्या काठाचं आणि कोंडीच्या मध्याचं तापमान मोज. मध्याचं मोजायला थर्मामीटर दोरीने बांधलेल्या बाटलीत घालून सोड, बाटली भरली की थोडा वेळ तशीच राहू दे, मग वर काढून लगेच वाच. तारीख, वेळ, ऊन होतं की ढग, आणि मासे कुठे होते, एवढं वहीत लिहून मला पाठव. पुढच्या अंकात छापू.